उजवा हात

चर्चमध्ये गुडघे टेकताना माझ्या मुलाचा शर्ट वर सरकला आणि त्याच्या कमरेला खोचलेला कोयता मला दिसला. केळीचे घड उतरवायचा, आमच्याच वाडीतला. आमच्या पुढच्याच बाकावर माझा धाकटा दीर बसला होता. बांधाच्या भांडणात गेल्या आठवड्यात त्यानंच माझ्या नवऱ्याचा हात मोडला होता.

मी मुलाचा उजवा हात घट्ट धरला.

"आई, सोड. लोक बघतात."

"बघू देत."

प्रवचन झालं, अर्पण झालं, मी हात सोडला नाही. मिस्साची उपासना पुढे सरकत होती, आणि आता काय येणार ते मला ठाऊक होतं.

फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या."

सगळं चर्च हात मिळवू लागलं. दीर मागे वळला. त्याचाही शर्ट कमरेपाशी फुगलेला होता. आणि त्याचा उजवा हात माझ्या जावेनं दोन्ही हातांनी आवळून धरला होता. केव्हापासून, कोण जाणे. तिची बोटं पांढरी पडली होती.

काका-पुतणे एकमेकांकडे बघत राहिले. त्यांचे हात कोयता काढायला मोकळे नव्हते, शांती द्यायलाही नव्हते.

जावेनं माझ्याकडे पाहिलं. आज धरून ठेवू, पण उद्या वाडीत कोण धरणार होतं?

मी मान डोलावली. तिनंही डोलावली.

आम्ही दोघींनी एकदमच हात सोडले.