शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक

रॅगिंगला कंटाळून हेरंबने ज्या कॉलेजात जीव दिला, तिथेच आज त्याच्या आईला, वृंदाताई तेंडोलकरांना, पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्याच्यावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक यंदा पहिल्या वर्षाला लागलं होतं.

"पूर्वी पोरं दोन पानांपुढे जात नसत," प्राध्यापक ढवळीकर फुशारकीने सांगत होते. "आता टॅबच वाचणाऱ्याचा चेहरा बघतो. जरा कंटाळा दिसला, त्रास दिसला, की पुढचा मजकूर त्याला रुचेल तसा बदलून देतो. विद्यार्थिकेंद्री वाचन! अख्खा वर्ग शेवटपर्यंत वाचतो."

तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, पुस्तक खूप आवडलं. हेरंब आता कुठे असतो?"

"तुमच्या हॉस्टेलमागच्या विहिरीत सापडला तो," त्या कशाबशा म्हणाल्या. "मीच ओळखलं त्याला."

पोरांचे चेहरे उतरले. सगळ्या माना टॅबवर झुकल्या. हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं.

"नाही हो मॅडम," ती मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत वाचलं नाही वाटतं."