ईदचे बूट

निर्वासितांच्या छावणीत नवे बूट ईदलाच निघायचे. म्हणून अमेरिकेत मिनेसोटात आल्यावर शाळेने लेकीला दिलेले बर्फात घालायचे बूटही शुक्रीने कपाटावर जपून ठेवले. सहा वर्षांची इदिल दुपारी कापडी बुटांतच बर्फ तुडवत घरी आली. शुक्रीने तिचे भिजलेले मोजे सोलून काढले. सगळी बोटं राखेसारखी पांढुरकी पडली होती. "इथं दुखतं?" तिने अंगठा दाबला. "नाही." "आणि इथं?" "आई, तू दाबतेयस का?" लेकीचे पाय कोमट पाण्याच्या टोपात बुडवून शुक्री भिंतीकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने पोरगी कळवळून रडू लागली, तेव्हा कुठे शुक्रीच्या जिवात जीव आला. सकाळी तिने कपाटावरचे बूट काढले. इदिलने पाय मागे घेतला. "आज ईद आहे?" "हो," शुक्री बंद आवळत म्हणाली. "आणि उद्या?" "उद्यापण. पाय दे."