निर्भीड पत्रकार पाहिजे

जाहिरातीत निर्भीड पत्रकार हवा असं ठळक छापलं होतं, पण मुलाखतीत निर्भीडपणाबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. संपादकांच्या काचेच्या केबिनमध्ये आठवी उमेदवार येऊन बसली.

"व्हिडिओ एडिट करता येतो?" संपादकांनी तिच्याकडे न बघताच विचारलं.

"येतो."

"रील? पॉडकास्ट? ड्रोन?"

"सगळं येतं. ड्रोन एकदा झाडात अडकला, तो झाडावर चढून मीच काढला."

"फॉलोअर किती?"

"चारशे. त्यातले निम्मे नातेवाईक."

संपादकांनी तोंड वाकडं केलं. "अहो, जमाना बदललाय! याशिवाय वेगळं काय येतं तुम्हाला?"

"माणसांना प्रश्न विचारता येतात."

"ते काय, कोणालाही येतं!"

"मग मी विचारले ना. सकाळपासून बाहेर बाकावर बसून तेच केलं. ही जागा सोमवारीच तुमच्या मेव्हण्याला दिलीय. आम्हा आठ जणांना नुसतं मालकांना दाखवायला बोलावलंय. खरं ना?"

संपादक ताडकन उठले. "कोणी सांगितलं हे?" ते इतक्या जोरात ओरडले, की काचेपलीकडचा अख्खा विभाग माना वर करून बघायला लागला.

"सूत्रांची नावं मी सांगत नाही, सर."

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र घातलेला एक जण आत डोकावला.

"दाजी, आईशप्पथ, मी हिला काहीच सांगितलं नाही!"