सतराव्या मजल्यावरचा ओळंबा

श्रीपतीचा जन्म गवंडीकामात गेलेला. मुलाने तळेगावात सतराव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा श्रीपतीने पहिल्याच दिवशी हॉलच्या छताला आपला ओळंबा, भिंत सरळ आहे का हे बघायचं दोरीचं वजन, टांगला. "भिंत फसवंल, ह्यो न्हाई फसवायचा," तो म्हणाला.

आज दुपारी ओळंबा झोके घेऊ लागला.

"सारिका, खाली चल. घर हलतंय!"

"आबा, भूकंप पार समुद्रापलीकडे झालाय," सून टीव्ही बघत म्हणाली. "उंच इमारती थोड्या डुलतात. थांबेल आता."

थांबलंही. पण ओळंबा सरळ लोंबेना. दोरी तिरकी, सुनेच्या दिशेने ताणलेली. श्रीपतीने हाताने सरळ केली. सोडताच ती पुन्हा तिकडेच गेली.

"चहा ठेवते," म्हणत सारिका स्वयंपाकघरात शिरली.

ओळंबा हळूहळू तिच्या मागे वळला.