एक जून

कोबेतल्या बालरुग्णालयाची माहिती जुन्या संगणकातून नव्यात उतरवताना चार मुलं अडली. सम्राट बदलला की जपानमध्ये वर्षं नव्यानं मोजतात. ही मुलं जुन्या सम्राटाच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेली, त्यांचं वर्ष नव्या संगणकाला पटेना. दुपारी जुना बंद व्हायचा होता. हे काम करणाऱ्या, महाराष्ट्रातून आलेल्या अबोलीनं चौघांनाही नव्या सम्राटाच्या वर्षातली एक जून जन्मतारीख देऊन टाकली. तिचे साहेब नागाई-सान पडद्यापाशी थबकले. “चौघंही एकाच दिवशी?” “आमच्याकडे चालतं,” ती हसली. “माझ्या बाबांचीही शाळेत गुरुजींनी हीच ठोकून दिली.” नागाई-सान हसले नाहीत. “औषधाची मात्रा वयावर ठरते. जुना संगणक आज बंद करू नका, चालू राहू द्या; त्यातली नोंद लगोलग नव्यातही उमटू द्या.” मग शेजारी बसून त्यांनी इसवी सनाचं वर्ष घालून चारही मुलांच्या खऱ्या तारखा लावल्या. “आणि तुमच्या वडिलांची खरी तारीख?” अबोलीला ठाऊक नव्हती. घरात कधी कुणी विचारलीच नव्हती. नागाई-साननी फोन तिच्याकडे सरकवला.