विहीणबाईंचा डाव

मुलाने हौसेने महागडा फोन आणून दिला आणि सासूबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांचा पत्त्यांचा खेळ त्या फोनवर चालेचना. तो जुन्या फोनच्या जातीसाठीच बनवलेला. रोज दुपारी त्या तो विहीणबाईंशी खेळायच्या. रोज हरायच्या, ती गोष्ट वेगळी.

"आता त्या म्हणतील, घाबरून पळाल्या!"

सून कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. अख्खा रविवार घालवून तिने नव्या फोनला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. खेळ सुरू झाला खरा, पण गोगलगायीच्या चालीने. सासूबाईंनी टाकलेलं पान पलीकडे पोहोचेपर्यंत हातातला चहा निवायचा.

आणि गंमत म्हणजे, त्या आठवड्यात सासूबाई एकही डाव हरल्या नाहीत. वाट बघून वैतागलेल्या विहीणबाई हाताला येईल ते पान फेकत होत्या.

शनिवारी सून म्हणाली, "आई, वेग वाढवायची युक्ती सापडली. द्या फोन."

सासूबाईंनी फोन हळूच उशीखाली सरकवला. "राहू दे गं. आधीच किती दमतेस तू!"

सून हसू दाबत बाहेर आली, तर तिच्या आईचा फोन.

"तुझ्या सासूबाईंच्या फोनवर जे काही बसवलंयस ना, ते माझ्याही फोनवर बसव. आणि हे बघ, माझं त्यांच्याहून हळू चाललं पाहिजे!"