सरावाची वही

ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लिअर इम्प्लांटचं मशीन बसवल्यावर सासूबाईंचा ऐकण्याचा सराव माझ्याकडे आला. रोज तोंडापुढे कागद धरून मी 'म, श, स' म्हणायचं, त्यांनी ओळखायचं, वहीत खूण करायची. पण श आणि स काही केल्या त्यांना ओळखू येईनात, इकडे गॅसवर भाजी करपायची. मग मी कागद जरा खाली घ्यायला लागले. त्या ओठ वाचायच्या, मी 'बरोबर'च्या खुणा करायची.

आज तपासणीला दवाखान्यातल्या मॅडमनी कागदानं तोंड झाकून 'श, स' म्हटलं. सासूबाईंना एकही ओळखता आलं नाही.

"आजी, तुमची वही बघून मी मशीनचं सेटिंग दोन महिने न बदलता तसंच ठेवलं!" कागद काढून मॅडम म्हणाल्या.

"हिनं रोज नीट झाकलं हो. मीच लबाड, वाकून बघायची."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी चक्क मान डोलावली.